चार घरांचा झगडा

२३ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीचा दुसरा डाव सुरू झाला. पांढरे मोहरे घेऊन बसली होती नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. समोर चीनची तान झोंगयी, २०१७ सालची जगज्जेती. आदल्या दिवशीचा डाव बरोबरीत सुटला होता. दिव्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. तानचं उत्तर बाजूनं आलं, वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढं. याला सिसिलियन बचाव म्हणतात. मग दिव्यानं आपलं त्याच पट्टीतलं प्यादं उचललं आणि फक्त एक घर सरकवलं.

तो डाव १०१ चाली चालला आणि दिव्यानं जिंकला. पुढं २८ जुलैला अंतिम फेरीत तिनं कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये काळ्या मोहऱ्यांनी हरवलं, विश्वचषक मिळवला आणि त्याच विजयानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये हा किताब मिळवणारी ती चौथी. हे आपण सगळ्यांनी वाचलं, अभिमानानं एकमेकांना सांगितलं. इथं मात्र बोलायचं आहे ते त्या एक घर सरकलेल्या प्याद्याबद्दल. डावाची सुरुवात, ज्याला सगळे खेळाडू ओपनिंग म्हणतात, ती नेमकी कशासाठी खेळतात हे त्या प्याद्यावरून फार छान समजतं.

आधी पट वाचायची रीत सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पांढऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी अशी एचपर्यंत नावं आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. पांढऱ्याचा राजा ई१ वर, वजीर डी१ वर. काळ्याचे मोहरे आठव्या आणि सातव्या ओळीत. आता पटाच्या अगदी मध्यावर बोट ठेवा: डी४, ई४, डी५, ई५. ही चार घरं. सगळ्या ओपनिंगचा झगडा या चार घरांसाठी असतो.

का, ते आपल्या आळेफाट्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात. माळशेज चढून आलेला ट्रक असो, नाशिकहून निघालेली एसटी असो किंवा बेल्ह्याकडून आलेला कांद्याचा टेम्पो असो, फाट्यावरूनच जाणार. फाट्यावर ज्याचा जम बसला, त्याला चारी दिशांचं गिऱ्हाईक. पटावरही तसंच आहे. डी४ वर उभ्या असलेल्या घोड्याला आठ घरं मिळतात, कोपऱ्यातल्या ए१ वरच्या घोड्याला फक्त दोन. उंटाची ताकद मध्यात तेरा घरांची, कोपऱ्यात सातची. मोहरा तोच, पण कुठं उभा आहे यावर त्याची किंमत ठरते. मध्य हातात असला की आपले मोहरे डावीकडून उजवीकडे चटकन जातात आणि समोरच्याला मात्र वळसा पडतो.

आता दिव्याची दुसरी चाल पाहा. पांढऱ्याला ई४ च्या जोडीला डी४ वरही प्यादं हवं असतं. पण काळ्यानं सी५ वर प्यादं आणून डी४ वर आधीच नजर ठेवलेली असते. पांढऱ्यानं नेहमीच्या पद्धतीनं घोडा एफ३ वर काढला आणि मग डी४ खेळलं, तर काळा ते प्यादं मारतो आणि पांढरा घोड्यानं परत मारतो. हिशेब बरोबरीचा दिसतो, तरी त्यात काळ्याचा एक छुपा फायदा आहे. त्यानं बाजूचं प्यादं देऊन मध्यातलं प्यादं घेतलं. त्याच्याकडे मध्यातली दोन्ही प्यादी शिल्लक राहतात, पांढऱ्याकडे एकच. शिवाय काळ्याच्या हत्तीला सी पट्टी मोकळी मिळते. सिसिलियन बचाव जगात इतका का खेळला जातो, त्याचं मर्म या एका देवघेवीत आहे.

दिव्याचं सी३ वरचं प्यादं ही देवघेवच बदलून टाकतं. आता डी४ खेळून काळ्यानं मारलं, तर पांढरा सी३ च्या प्याद्यानं परत मारणार आणि मध्यावर पुन्हा प्यादंच उभं राहणार. या मांडणीला अलापिन म्हणतात. सेम्यॉन अलापिन (१८५६ ते १९२३) हा रशियन साम्राज्यातला मोठा खेळाडू होता, त्याचं नाव तिला मिळालं.

पण बुद्धिबळात फुकट काहीच मिळत नाही. सी३ हे पांढऱ्याच्या घोड्याचं हक्काचं घर, तिथं आता प्यादं बसलं. काळ्याची चांगली उत्तरं याच उणिवेवर बोट ठेवतात. एक म्हणजे डी५. पांढऱ्यानं मारलं की काळा वजिरानं परत मारतो. एरवी वजीर इतक्या लवकर मध्यात आला की सी३ चा घोडा त्याला हाकलतो आणि काळ्याची एक चाल वाया जाते. इथं घोड्याला ते घरच नाही, म्हणून वजीर मध्यात निर्धास्त उभा राहतो. दुसरं उत्तर म्हणजे घोडा एफ६ वर. तो ई४ च्या प्याद्यावर चालून जातो आणि त्या प्याद्याला राखायला सी३ वर घोडा नाही. मग पांढरा प्यादं ई५ वर ढकलतो, काळ्याचा घोडा डी५ वर जाऊन बसतो आणि दोघंही आपापली बाजू खरी करायच्या मागं लागतात. एका प्याद्याच्या एका घराच्या चालीत केवढा फायदा आणि केवढा तोटा भरलेला आहे ते इथं दिसतं.

मध्य ताब्यात घ्यायची ही झाली एक रीत: प्यादी पुढं टाकून जागाच अडवायची. दुसरी रीत याच्या उलट आहे. समोरच्याला मध्यात येऊ द्यायचं, आपण लांबून नेम धरायचा आणि वेळ आली की त्याची प्यादी खिळखिळी करायची. जगाच्या पुस्तकांत या दुसऱ्या रीतीच्या अनेक मांडण्यांना ‘भारतीय बचाव’ असं नाव आहे. हे नाव का पडलं ते कळायला आपल्या जुन्या देशी बुद्धिबळाकडे वळावं लागतं.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पटावर प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. दोन घरांची उडी युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस रुळली, आपल्याकडे ती कितीतरी उशिरा आली. किल्लेकोट, म्हणजे हल्लीचं कॅसलिंग, नव्हतं. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, तीही शह बसण्याआधी. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं वाटेल तो मोहरा होत नसे, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा व्हायचं. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला तर बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. त्यामुळं चांगला खेळाडू समोरच्याचा शेवटचा मोहरा मुद्दाम जिवंत ठेवून मात करायचा. गावोगावी या नियमांत थोडाफार फरक असे, पण ठेवण हीच. मला ती फार देखणी वाटते. नुसतं मारत सुटण्याला त्यात किंमत नव्हती.

या नियमांचा सुरुवातीवर काय परिणाम व्हायचा ते मोजून पाहता येतं. आजच्या नियमांत पांढऱ्याला पहिल्या चालीचे वीस पर्याय असतात: आठ प्याद्यांचे प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांचे प्रत्येकी दोन. दोघांची एकेक चाल झाली की चारशे वेगवेगळ्या स्थिती. देशी पटावर राजाची उडी बाजूला ठेवली तर पर्याय बारा आणि स्थिती एकशे चव्वेचाळीस. प्यादी सावकाश सरकणार, दोन्ही फौजा एकमेकींना लगेच भिडणार नाहीत. अशा वेळी उंट कामाला लावायची एक चांगली वाट म्हणजे घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून त्या रिकाम्या घरात उंट बसवणं. तिथून तो पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच्या लांब तिरप्या रेषेवर पाहतो आणि ही रेषा मध्याच्या दोन घरांवरून जाते. आधी घर सावरायचं, उंट रेषेवर बसवायचे, मग टक्कर घ्यायची, असा तो खेळ.

एकोणिसाव्या शतकात हे दोन खेळ समोरासमोर आले. मुंबईत १८१४ मध्येच त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं ‘एसेज ऑन चेस’ छापलं गेलं होतं. आपल्याच ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथातल्या डावपेचांच्या स्थिती त्यांनी युरोपियन पद्धतीला जुळवून त्यात दिल्या होत्या. पण प्रत्यक्ष पटावरची मोठी गाठ पडली कलकत्त्यात. जॉन कॉकरेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथं वकिली करत होता आणि तो त्या काळातला फार जोरकस खेळाडू होता. देशी नियमांवर वाढलेले महेशचंद्र बॅनर्जी त्याच्यासमोर बसू लागले. १८४८ ते १८६० या काळात दोघांनी शेकडो डाव खेळले, ते युरोपियन नियमांनी. महेशचंद्रांनी नियम नवे घेतले, पण हात देशीच राहिला.

मे १८५५ चा त्यांचा एक डाव पट मांडून खेळण्यासारखा आहे. पांढरे कॉकरेनकडे. पांढरा डी४, काळा घोडा एफ६. मध्यात प्यादं टाकण्याऐवजी महेशचंद्रांनी घोडा काढला, आणि तो घोडा ई४ व डी५ या दोन घरांवर लक्ष ठेवून बसला. मग पांढरा सी४, काळा जी६. पांढरा घोडा सी३, काळा डी५. पांढरा ई३, काळा उंट जी७. पांढरा घोडा एफ३, काळ्याचा किल्लेकोट. इथं थांबून पट पाहा. जी७ च्या उंटाचं तोंड थेट ए१ च्या कोपऱ्याकडे आहे, आणि मधला एफ६ चा आपला घोडा हलला की त्याच्या नेमात डी४ चं पांढरं प्यादं येणार आहे. देशी पटावरचा जुना उंट विलायती नियमांच्या डावात येऊन बसलेला आहे.

पुढं कॉकरेननं सी४ च्या प्याद्यानं डी५ मारलं, महेशचंद्रांनी घोड्यानं परत मारलं. पांढरा उंट ई२ वर आला. काळ्यानं घोडा देऊन सी३ चा घोडा घेतला, पांढऱ्यानं बी पट्टीतल्या प्याद्यानं परत घेतला. मग काळ्याचं सी५. पांढऱ्याचा किल्लेकोट, प्याद्यांची अदलाबदल आणि काळ्याचा दुसरा घोडा सी६ वर. पांढरा उंट बी२, काळा उंट जी४. आता हिशेब करा. डी४ च्या एका प्याद्यावर जी७ चा उंट, सी६ चा घोडा आणि डी८ चा वजीर असे तिघं चालून आले आहेत, आणि जी४ चा उंट त्या प्याद्याला राखणाऱ्या एफ३ च्या घोड्याला दाबून बसला आहे. समोरच्याला मध्य देऊन टाकायचा आणि मग तोच मध्य त्याला सांभाळायला लावायचा, ही ती दुसरी रीत. इतकी स्वच्छ मांडणी आजच्या मुलालाही दाखवावी अशी आहे.

तरी हा डाव महेशचंद्र हरले, आणि कसे हरले ते जास्त शिकण्यासारखं आहे. दोन्ही बाजूंचे हत्ती सी पट्टीत आले. कॉकरेननं उंट ए३ वर नेला, महेशचंद्रांनी वजीर ए५ वर. पांढरा वजीर बी३ वर आला, आणि तिथून त्याची तिरपी नजर एफ७ वर पडली. ते प्यादं काळ्या राजाच्या अगदी शेजारचं. महेशचंद्रांनी एफ८ चा हत्ती ई८ वर सरकवला. त्या घटकेला एफ७ चं राखण एकट्या राजावर आलं. कॉकरेननं हत्ती सी५ वर आणून वजिराला हुसकावलं, वजीर बी६ वर. हत्ती बी५ वर, वजीर परत डी८ वर, जिथून निघाला तिथंच. मग घोडा जी५ वर. तो हलताच दोन्हीकडचे उंट समोरासमोर आले आणि महेशचंद्रांनी ई२ चा उंट मारला. कॉकरेननं घोड्यानं एफ७ मारलं. महेशचंद्रांनी घोडा ए५ वर टाकून पांढऱ्या वजिरावर चाल केली, आणि तिथून तीन चालींत मात होती.

ती मात अशी: घोडा एच६ वर, म्हणजे घोड्याचा आणि मागच्या वजिराचा दुहेरी शह. राजाला हलण्यावाचून गत नाही. एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर आणि मात. एच८ वर गेला तर पांढरा वजीर सरळ जी८ वर येऊन शह देतो. राजा त्याला मारू शकत नाही, कारण एच६ चा घोडा राखतोय. म्हणून हत्तीनं मारावं लागतं. आणि मग घोडा एफ७ वर, मात. राजाच्या एका अंगाला आपलाच हत्ती, समोर आपलंच प्यादं, तिरक्या घरात आपलाच उंट. पळायला एकही घर नाही.

अशा वेळी ओपनिंगला दोष द्यायची सवय आपल्याला असते. ती चूक आहे. बाराव्या-तेराव्या चालीपर्यंत महेशचंद्रांचं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते एफ७ कडे दुर्लक्ष झाल्यावर. त्यांची मांडणी किती पक्की होती याचा दाखला पुढं मिळाला. १९२२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी, ऑस्ट्रियाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याच पहिल्या तीन चाली मोठ्या स्पर्धांत खेळू लागला आणि हा बचाव त्याच्या नावानं प्रसिद्ध झाला. गॅरी कास्पारोव्ह जगज्जेतेपदाच्या लढतींत कार्पोव्हविरुद्ध तो खेळला. आज जगातले पहिल्या फळीचे खेळाडू तो खेळतात. महेशचंद्रांचं वैयक्तिक नाव त्याला लागलं नाही, हे मला खटकतं. पण ‘भारतीय बचाव’ हे मोठ्या कुळाचं नाव त्यांच्याच खेळावरून आलं.

देशी पटावरून विलायतेत गेलेला दुसरा मोठा खेळाडू म्हणजे पंजाबचा सुलतान खान. १९२८ ची अखिल भारतीय स्पर्धा त्यानं जिंकली, १९२९ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनचा विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगची पुस्तकी विद्या त्याच्याकडे फारच थोडी होती, सुरुवातीला तो अनेकदा मागं पडायचा आणि मग मधल्या आणि शेवटच्या टप्प्यात समोरच्याला गाठायचा. २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास अठ्ठावन्न वर्षांनी, जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं.

हे सगळं सांगतोय ते आजच्या एका गोष्टीसाठी. मुलं मोबाइलवर खेळतात, व्हिडिओ पाहतात आणि ओपनिंगच्या पंधरा-पंधरा चाली घडाघडा म्हणून दाखवतात. समोरच्यानं तिसरीच चाल वेगळी केली की हात थबकतो. पाठांतर वरच्या पातळीवर लागतंच, त्यात वाद नाही. आपल्या फाट्यावरून उत्तरेला जाणारा रस्ता ज्या नाशिकला पोचतो, तिथल्या विदित गुजरातीनं २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळताना हिकारू नाकामुराच्या राजासमोर, एच३ वर, आपला उंट देऊन हल्ला चढवला आणि डाव जिंकला. त्या स्पर्धेत त्यानं नाकामुराला दोन्ही वेळा हरवलं. असल्या चालीमागं घरी केलेली तयारी असते. पण त्या तयारीच्या मुळाशी प्रत्येक चालीचं कारण ठाऊक असणं असतं. नव्यानं शिकणाऱ्यानं प्रत्येक चालीला स्वतःला तीन गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ झालं: मध्याच्या चार घरांवर माझं काय आहे, माझे घोडे-उंट घराबाहेर पडले का, आणि माझा राजा कुणाच्या नजरेत आहे. महेशचंद्र पहिल्या दोन्हींत पक्के होते, तिसरीत चुकले.

मोठ्या शहरात राहिल्याशिवाय हे शिकता येत नाही असंही नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं आणि वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या खेळाडू त्याच गावच्या. आपल्या फाट्यावरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याच्या दक्षिण टोकाला पुणं आहे. तिथले अभिजित कुंटे २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे कर्णधार होते, आणि दिव्या त्या संघात होती. नाशिक आणि पुण्याच्या मधोमध आपण आहोत. शाळेतली चार मुलं, दोन पट आणि आठवड्याचा एक ठरलेला दिवस, एवढ्यावर मंडळ उभं राहतं.

त्यात एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. मुलांना डाव लिहायला शिकवा. मोठ्या वेळेच्या स्पर्धांत दोन्ही खेळाडूंनी चाली कागदावर लिहायच्या असा नियमच आहे, आणि लिहिलेला डाव घरी पुन्हा मांडता येतो, कुठं चुकलं ते शोधता येतं. महेशचंद्रांचा १८५५ चा डाव आपण आज चाल-चाल करून पाहू शकलो, कारण तेव्हा तो कुणीतरी लिहून ठेवला. आपल्या पारांवर आणि देवळांच्या ओवऱ्यांत देशी नियमांनी जे डाव रंगले, त्यांच्या चाली अशा कागदावर आल्या नाहीत. आळे, ओतूर, बेल्हे, राजुरी, नारायणगाव, कुठंही ऐंशीच्या घरातलं, जुन्या पद्धतीनं खेळलेलं कुणी असेल तर यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे पाठवा. तुमच्या गावात प्यादं कसं चालायचं, राजा उडी कधी मारायचा, बुर्जी कशी मोजायची, हे विचारू द्या, एक डाव खेळू द्या, आणि तो वहीत उतरवून घ्यायला सांगा.